महाराष्ट्रातील भौतिकोपचार पदव्युत्तर प्रवेशप्रक्रिया

भौतिकोपचार (प्रचलित नाव: फिजिओथेरपी) या विषयातील पदव्युत्तर पदवीला महाराष्ट्रात मास्टर ऑफ फिजिओथेरपी, संक्षेपाने एम.पी.टीएच., असे म्हणतात. बॅचलर ऑफ फिजिओथेरपी (बी.पी.टीएच.) ही पदवी व तिला जोडलेली आंतरवासिता (इंटर्नशिप) पूर्ण केलेल्या उमेदवारास या अभ्यासक्रमासाठी अर्ज करता येतो. राज्यातील शासकीय, महानगरपालिकेच्या व खाजगी संलग्न महाविद्यालयांतील प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत (सीईटी सेल) होतात. अभिमत विद्यापीठांची प्रक्रिया स्वतंत्र असते. प्रस्तुत लेखात या प्रवेशाचे टप्पे, पात्रता, कागदपत्रे व खर्च यांची माहिती दिली असून लातूर व नांदेड जिल्ह्यांतील, विशेषतः चाकूरसारख्या तालुक्याच्या गावातील, विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्यांचा विचार केला आहे.

नाव व संज्ञा

व्यायाम, हस्तोपचार, उष्णता, विद्युत्‌प्रवाह, पाणी इत्यादी भौतिक साधनांच्या साहाय्याने शरीराची हालचाल व कार्यक्षमता पूर्ववत करण्याच्या शास्त्राला भौतिकोपचार म्हणतात. बोलीत 'फिजिओथेरपी' हाच शब्द रूढ आहे. अमेरिकेत याच शास्त्राला 'फिजिकल थेरपी' म्हणतात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पदव्यांची संक्षिप्त नावे बी.पी.टीएच. व एम.पी.टीएच. अशी आहेत, तर इतर बहुतेक राज्यांत बी.पी.टी. व एम.पी.टी. अशी नावे वापरतात. नावातील हा फरक केवळ संक्षेपाचा असून पदवीचा दर्जा त्यामुळे बदलत नाही. मात्र परराज्यात किंवा परदेशात अर्ज करताना गुणपत्रकावरील नाव व अर्जातील नाव एकच ठेवणे आवश्यक असते.

इतिहास

भारतातील भौतिकोपचार शिक्षणाचा आरंभ मुंबईत झाला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला शहरात पोलिओची मोठी साथ आली आणि अपंगत्व आलेल्या मुलांच्या पुनर्वसनाचा प्रश्न निर्माण झाला. त्यातून जागतिक आरोग्य संघटना, भारत सरकार व मुंबई महानगरपालिका यांच्या सहकार्याने परळ येथील के.ई.एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे प्रशिक्षण सुरू झाले. १९५५ मध्ये इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स ही व्यावसायिक संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेचे कार्य सुरू झाले.

पुढील काळात मुंबईतील शीव व नायर या महापालिका रुग्णालयांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण उपलब्ध झाले. खाजगी महाविद्यालयांची वाढ प्रामुख्याने १९९० नंतरची आहे. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. तोपर्यंत राज्यातील निरनिराळ्या विद्यापीठांशी संलग्न असलेली भौतिकोपचार महाविद्यालये त्यानंतर या एका विद्यापीठाच्या कक्षेत आली. त्यामुळे अभ्यासक्रम व परीक्षापद्धतीत एकसारखेपणा आला.

नियमन

या क्षेत्रात तीन स्वतंत्र बाबींवर तीन यंत्रणांचे नियंत्रण असते. अर्जदाराने त्यांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे.

पदवी व अभ्यासक्रम: महाविद्यालयाची संलग्नता, प्रत्येक शाखेतील मंजूर जागा, मार्गदर्शकांची मान्यता व परीक्षा ही विद्यापीठाची जबाबदारी असते.

प्रवेश व शुल्क: महाराष्ट्र विनाअनुदानित खाजगी व्यावसायिक शैक्षणिक संस्था (प्रवेश व शुल्क यांचे विनियमन) अधिनियम, २०१५ या कायद्यान्वये प्रवेश नियामक प्राधिकरण व शुल्क नियामक प्राधिकरण अशी दोन प्राधिकरणे अस्तित्वात आली. खाजगी महाविद्यालयांना शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेले शुल्कच आकारता येते.

व्यवसायाची नोंदणी: राज्यात व्यवसाय करण्यासाठी महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ही परिषद २००२ च्या राज्य अधिनियमानुसार निर्माण झाली.

यांखेरीज संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम संमत केला. या कायद्याच्या अनुसूचीत व्यवसायांचे दहा गट असून भौतिकोपचार हा त्यांपैकी एक स्वतंत्र गट आहे. किमान ३,६०० तासांचे व तीन ते सहा वर्षांचे पदवी शिक्षण घेतलेल्यांना हा कायदा 'आरोग्यसेवा व्यावसायिक' मानतो. पदवी, पदव्युत्तर व विद्यावाचस्पती या स्तरांवर एकसमान प्रवेश परीक्षा व सामाईक समुपदेशन यांची तरतूदही त्यात आहे. त्यामुळे राज्यस्तरीय पद्धतीत पुढे बदल संभवतात. प्रत्येक वर्षाची माहिती पुस्तिका वाचणे हाच अर्जदारासाठी खात्रीचा मार्ग होय.

पात्रता

एम.पी.टीएच. प्रवेशासाठी सामान्यतः पुढील अटी असतात.

१. मान्यताप्राप्त विद्यापीठाची भौतिकोपचार विषयातील पदवी. महाराष्ट्रात हा अभ्यासक्रम चार वर्षांचा व त्यानंतर सहा महिन्यांच्या आंतरवासितेचा, असा एकूण साडेचार वर्षांचा राहिला आहे.

२. माहिती पुस्तिकेत दिलेल्या तारखेपर्यंत आंतरवासितेची पूर्तता. ही तारीख चुकल्यास प्रवेश परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही प्रवेश मिळत नाही. एखाद्या वर्षी अनुत्तीर्ण झाल्याने ज्यांची आंतरवासिता उशिरा सुरू होते, त्यांना या अटीचा सर्वाधिक फटका बसतो.

३. राज्य परिषदेकडील नोंदणी.

४. राज्य कोट्यातील जागांसाठी महाराष्ट्राच्या अधिवासासंबंधीच्या अटींची पूर्तता.

५. सामाईक प्रवेश परीक्षेत त्या त्या प्रवर्गासाठी ठरवलेले किमान गुण.

पदवी अभ्यासक्रमाचा प्रवेश राज्यात 'नीट' परीक्षेच्या गुणांवर होतो, परंतु पदव्युत्तर प्रवेशाशी त्या गुणांचा संबंध नसतो. तसेच एम.बी.बी.एस. पदवीधरांसाठी असलेली 'नीट-पीजी' ही परीक्षा भौतिकोपचार पदवीधरांना लागू नाही.

सामाईक प्रवेश परीक्षा

भौतिकोपचाराच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या परीक्षेस पीजीपी-सीईटी म्हणतात. व्यवसायोपचार विषयासाठी पीजीओ-सीईटी ही तिची समांतर परीक्षा आहे. परीक्षा संगणकावर होते व प्रश्न बहुपर्यायी असतात. प्रश्न पदवीच्या चारही वर्षांच्या अभ्यासक्रमावर आधारित असतात. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जैवयांत्रिकी, व्यायामोपचार, विद्युतोपचार तसेच अस्थि-स्नायू, मज्जासंस्था, हृदय-श्वसन व सामुदायिक भौतिकोपचार हे त्यातील प्रमुख विषय होत.

आंतरवासितेच्या काळात रुग्णालयातील कामाचे तास सांभाळून ही तयारी करावी लागते. पहिल्या वर्षी शिकलेली शरीररचना व शेवटच्या वर्षातील रुग्णाधारित विषय यांची सांगड घालणारे प्रश्न परीक्षेत येतात. म्हणून केवळ अंतिम वर्षाच्या विषयांची उजळणी पुरेशी ठरत नाही.

केंद्रीय प्रवेश फेऱ्या

परीक्षेचा निकाल लागल्यावर केंद्रीकृत प्रवेशप्रक्रिया (कॅप) सुरू होते. परीक्षेसाठी केलेली नोंदणी व प्रवेशप्रक्रियेसाठी करावयाची नोंदणी या दोन वेगळ्या बाबी आहेत. परीक्षा देऊनही दुसरी नोंदणी न करणारा उमेदवार गुणवत्ता यादीत येत नाही. प्रक्रियेचे टप्पे साधारणतः पुढीलप्रमाणे असतात.

प्रथम ऑनलाइन नोंदणी, शुल्कभरणा व कागदपत्रांची पडताळणी होते. त्यानंतर तात्पुरती व अंतिम गुणवत्ता यादी प्रसिद्ध होते. तात्पुरत्या यादीतील प्रवर्ग, गुण अथवा नाव यांविषयीच्या हरकती ठरलेल्या मुदतीतच नोंदवाव्या लागतात. पुढे महाविद्यालय, शाखा व प्रवर्ग यांनुसार उपलब्ध जागांचा तक्ता जाहीर होतो व उमेदवार पसंतीक्रम भरतात. गुणवत्ता, प्रवर्ग व पसंतीक्रम यांच्या आधारे संगणक जागा वाटतो. जागा मिळालेल्या उमेदवाराने मुदतीत महाविद्यालयात उपस्थित राहून मूळ कागदपत्रे व शुल्क जमा करावयाचे असते.

मिळालेली जागा कायम ठेवून पुढील फेऱ्यांतून बाहेर पडावयाचे असल्यास त्यासाठीचा स्वतंत्र अर्ज भरून द्यावा लागतो. तो दिल्यावर पुढील फेरीत अधिक पसंतीची जागा रिकामी झाली, तरी तिच्यावर हक्क सांगता येत नाही. उलट, जागा मिळूनही रुजू न होणाऱ्या उमेदवाराच्या पुढील संधींवर त्या वर्षीच्या नियमांनुसार मर्यादा येऊ शकतात. शेवटी रिक्त राहिलेल्या जागांसाठी अतिरिक्त अथवा संस्थास्तरीय फेरी होते.

पसंतीक्रम भरताना महाविद्यालय व शाखा यांचा एकत्रित विचार करावा लागतो, कारण प्रत्येक महाविद्यालयात सर्व शाखा नसतात. पदव्युत्तर जागांची संख्या मान्यताप्राप्त मार्गदर्शकांवर अवलंबून असल्याने एका शाखेत मोजक्याच जागा असतात. त्यामुळे एखाद्या गुणाच्या फरकानेही शाखा बदलू शकते.

कागदपत्रे

सामान्यतः पुढील कागदपत्रे लागतात: दहावीचे प्रमाणपत्र, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, पदवीच्या सर्व वर्षांची गुणपत्रके, पदवी अथवा तात्पुरती पदवी, प्रयत्न प्रमाणपत्र, आंतरवासिता पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र, परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र व वैद्यकीय योग्यता प्रमाणपत्र. शिक्षणात खंड असल्यास प्रतिज्ञापत्र मागितले जाऊ शकते.

राखीव प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांना जात प्रमाणपत्र व जात वैधता प्रमाणपत्र लागते. प्रवर्गानुसार नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रही जोडावे लागते. जात वैधता प्रमाणपत्र जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते, तर अनुसूचित जमातींसाठी वेगळ्या पडताळणी समित्या आहेत. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र त्या आर्थिक वर्षापुरते ग्राह्य असल्याने पदवी प्रवेशाच्या वेळचे प्रमाणपत्र पुन्हा उपयोगी पडत नाही. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राचीही मुदत तपासावी लागते.

उत्पन्न, अधिवास व जातीच्या दाखल्यांसाठीचे अर्ज आपले सरकार सेवा केंद्रामार्फत करता येतात. चाकूर येथील विद्यार्थ्याला यासाठी तालुक्याचे तहसील कार्यालय जवळचे असते, मात्र वैधतेचे प्रकरण जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे लातूरला चालते. आंतरवासिता दूरच्या शहरात सुरू असेल, तर ही कामे घरच्या माणसांवर येतात. प्रवेशफेरीच्या काही दिवसांत हे दाखले नव्याने मिळवणे कठीण असल्याने ते परीक्षेपूर्वीच तयार ठेवण्याची पद्धत आहे.

आरक्षण

राज्यातील घटनात्मक आरक्षणात अनुसूचित जाती १३ टक्के, अनुसूचित जमाती ७ टक्के, विमुक्त जाती (अ) ३ टक्के, भटक्या जमाती (ब) २.५ टक्के, (क) ३.५ टक्के व (ड) २ टक्के आणि इतर मागासवर्ग १९ टक्के असे एकूण ५० टक्के प्रमाण आहे. त्याशिवाय आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के आरक्षण असून, २०२४ च्या अधिनियमाने सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गासाठी १० टक्के आरक्षण देण्यात आले. खाजगी संस्था, व्यवस्थापन कोटा व अल्पसंख्याक संस्था यांत हे प्रमाण नियमांनुसार बदलते. एखाद्या शाखेत एक-दोनच जागा असल्यास प्रत्येक प्रवर्गास दरवर्षी जागा येत नाही, म्हणून जागांचा तक्ता पाहणे महत्त्वाचे ठरते.

मराठवाड्याच्या दृष्टीने प्रादेशिक कोट्याचा प्रश्न दीर्घकाळ गाजला. आरोग्यविज्ञानाच्या पदवी प्रवेशांत पूर्वी ७० टक्के जागा त्या विभागातील व ३० टक्के जागा राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असत. मराठवाड्यात महाविद्यालये व जागा कमी असल्याने येथील विद्यार्थ्यांना अधिक गुण असूनही प्रवेश मिळत नाही, असा आक्षेप होता. सप्टेंबर २०२० मध्ये तत्कालीन वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी हे सूत्र रद्द केल्याची घोषणा विधानसभेत केली. दुसऱ्या बाजूने, स्थानिक जागांवर बाहेरील विद्यार्थी येऊन शिक्षणानंतर निघून जातील, अशी भीतीही व्यक्त झाली होती.

शाखा व अभ्यासक्रम

अस्थि-स्नायू, मज्जासंस्था, हृदय-श्वसन व सामुदायिक भौतिकोपचार या प्रमुख शाखा आहेत. क्रीडा व बालरोग भौतिकोपचार या शाखाही देशातील अनेक विद्यापीठांत शिकवल्या जातात. अभ्यासक्रम सामान्यतः दोन वर्षांचा असतो. त्यात रुग्णसेवा, चर्चासत्रे, शोधनिबंधांचे वाचन, पदवी विद्यार्थ्यांचे अध्यापन व प्रबंधिका यांचा समावेश होतो. प्रबंधिकेचा आराखडा संस्थेच्या नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्यावा लागतो. अखेरीस लेखी, प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षा होते.

शाखेची निवड पुढील कामाचे स्वरूप ठरवते. मज्जासंस्थेच्या शाखेत पक्षाघात व मज्जारज्जूच्या इजांचे रुग्ण, हृदय-श्वसन शाखेत अतिदक्षता विभाग, तर सामुदायिक शाखेत वृद्ध, स्त्रिया, कामगार व अपंग व्यक्ती यांच्याशी अधिक संबंध येतो. जोडलेल्या रुग्णालयात त्या शाखेचे पुरेसे रुग्ण नसल्यास शिक्षण अपुरे राहते. म्हणून महाविद्यालयाच्या इमारतीपेक्षा रुग्णालयातील खाटा, रोजचे बाह्यरुग्ण व मार्गदर्शकाचा अनुभव यांची चौकशी करणे हितावह असते.

शुल्क व अर्थसाहाय्य

शासकीय व महापालिकेच्या संस्थांतील शुल्क खाजगी संस्थांच्या मानाने बरेच कमी असते, पण तेथील जागा थोड्या आहेत. विद्यावेतन सर्वत्र सारखे नसते. त्यामुळे प्रवेशापूर्वी शिक्षणशुल्क, वसतिगृह, अनामत रक्कम व विद्यावेतन यांची एकत्र बेरीज करावी लागते.

राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती व शुल्क प्रतिपूर्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर होतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना व डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना या त्यांपैकी परिचित योजना होत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास व इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के लाभ देण्यात आला. खाजगी अभिमत विद्यापीठे तसेच व्यवस्थापन कोट्यातील व संस्थास्तरीय प्रवेश त्यात येत नाहीत. म्हणजे एखाद्या विद्यार्थिनीने केंद्रीय फेरीतील जागा सोडून संस्थास्तरावर प्रवेश घेतल्यास तिला हा लाभ गमवावा लागू शकतो.

लातूर-नांदेड परिसर

चाकूर हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण लातूर-नांदेड मार्गावर, लातूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. लातूर रोड हे रेल्वे जंक्शन याच तालुक्यात येते. बारावी व वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी प्रसिद्ध असलेला 'लातूर पॅटर्न' जवळ असल्याने परिसरातील अनेक विद्यार्थी आरोग्यविज्ञान शाखांकडे वळतात. लातूर येथे महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ फिजिओथेरपी हे महाविद्यालय आहे. लातूरचे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ही या भागातील मोठी शासकीय रुग्णालये चालवतात.

पुनर्वसनाची गरज या जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात तीव्रतेने अनुभवली. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाची घरे कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली व त्याहून अधिक जखमी झाली. अस्थिभंग व पाठीच्या कण्याची इजा झालेल्या रुग्णास शस्त्रक्रियेनंतरही दीर्घकाळ भौतिकोपचार लागतो. आज पक्षाघात, गुडघ्यांची झीज, रस्ते अपघात, शेतीकाम व ऊसतोडीतील कंबरदुखी ही गरजेची कारणे आहेत. तालुक्यातील रुग्णाला आठवड्यातून अनेकदा जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे परवडत नाही. मजुरी बुडते व प्रवासखर्च वाढतो, म्हणून उपचार अर्धवट सुटतात. प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञ तालुका पातळीवर असणे म्हणूनच महत्त्वाचे मानले जाते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे व वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम यांत भौतिकोपचारतज्ज्ञांना स्थान आहे. तथापि अशी अनेक पदे कंत्राटी असतात. शिक्षणासाठी कर्ज घेतलेला पदवीधर शहरातील रुग्णालय, अध्यापन वा परदेश यांकडे वळतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

अभिमत विद्यापीठे व इतर राज्ये

कराडचे कृष्णा विश्व विद्यापीठ, लोणीची प्रवरा आयुर्विज्ञान संस्था, सावंगी (वर्धा) येथील दत्ता मेघे उच्च शिक्षण व संशोधन संस्था, तसेच छत्रपती संभाजीनगर येथे परिसर असलेली एम.जी.एम. आरोग्य विज्ञान संस्था अशा अभिमत विद्यापीठांत स्वतंत्र अर्ज करावा लागतो. राज्याबाहेर हैदराबादची निजाम आयुर्विज्ञान संस्था, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज व कटकजवळील स्वामी विवेकानंद राष्ट्रीय पुनर्वसन प्रशिक्षण व संशोधन संस्था येथे पदव्युत्तर शिक्षण मिळते. हैदराबाद हे लातूर व नांदेडला रेल्वेने जोडलेले असल्याने या भागाला तुलनेने सोयीचे आहे.

परदेशातील प्रवेश

अमेरिकेत व्यवसायप्रवेशाची पदवी डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी (डी.पी.टी.) ही असून ती पदवीनंतर साधारण तीन वर्षांची असते. २०१५ च्या अखेरपासून तेथील सर्व मान्यताप्राप्त व्यवसायप्रवेश अभ्यासक्रमांसाठी हीच पदवी अनिवार्य झाली. बहुतेक विद्यापीठांचे अर्ज पीटीकॅस या केंद्रीय सेवेमार्फत भरले जातात. पूर्वअट असलेले विज्ञानविषय, शिफारसपत्रे, निवेदन, उपचारकेंद्रातील निरीक्षणाचे तास व काही ठिकाणी जीआरई परीक्षा यांचा विचार होतो.

भारतात आधीच भौतिकोपचाराची पदवी घेतलेल्यास हा पूर्ण अभ्यासक्रम पुन्हा करणे अपरिहार्य नसते. शिक्षणाचे मूल्यांकन, इंग्रजीची परीक्षा व एन.पी.टी.ई. ही राष्ट्रीय परीक्षा या मार्गाने त्याला परवान्यासाठी अर्ज करता येतो. २०१० मध्ये प्रश्न फुटण्याच्या चिंतेमुळे भारतासह चार देशांतील पदवीधरांची ही परीक्षा काही काळ थांबवण्यात आली व नंतर त्यांच्यासाठी प्रश्नपत्रिकेची स्वतंत्र व्यवस्था करण्यात आली.

ब्रिटनमध्ये नोंदणीचे काम एच.सी.पी.सी. ही संस्था पाहते. तेथील 'पूर्वनोंदणी' एम.एस्सी. व्यवसायप्रवेशासाठी असते, तर भौतिकोपचार पदवीधरांसाठीची प्रगत एम.एस्सी. स्वतःहून नोंदणीचा हक्क देत नाही. हा भेद न ओळखता भरलेले शुल्क वाया जाण्याचा धोका असतो. ऑस्ट्रेलिया व कॅनडातही परदेशी पदवीधरांसाठी मूल्यमापनाच्या स्वतंत्र यंत्रणा आहेत.

हेही पहा

भौतिकोपचार
व्यवसायोपचार
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ
लातूर पॅटर्न
चाकूर तालुका